हौशी खेळाचा देशाबाहेरील विस्तार : हुतुतू ते कबड्डी, एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

आषाढी वारीत श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते ती माळशिरस तालुक्यातून. नातेपुते, माळशिरस व वेळापूर येथे पालखीचे मुक्काम होतात आणि पुरंदवडे व खुडूस येथे अश्वांचे गोल रिंगण होते. रिंगण संपल्यानंतर वारकरी फुगडी, हमामा आणि हुतुतू खेळतात. या हुतुतूमध्ये पंच नसतो, गुणफलक नसतो, संघांची संख्याही मोजलेली नसते. कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही. संतसाहित्यात अशा खेळांची रूपके आढळतात, यावरून मराठी लोकजीवनात त्यांचे स्थान किती जुने आहे याची कल्पना येते.

याच खेळाचे दुसरे रूप २४ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे पाहावयास मिळाले. आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारतास २७–२४ असे पराभूत केले. विजयी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आदल्याच दिवशी उपान्त्य सामन्यात इराणच्या पुरुष संघाने भारताचा २७–१८ असा पराभव केला होता. १९९० पासून सलग सात आशियाई स्पर्धांत पुरुष गटाचे सुवर्णपदक मिळविणारा भारत प्रथमच अंतिम फेरीबाहेर राहिला.

वारीच्या वाटेवरील हुतुतू आणि जकार्ता येथील कबड्डी यांच्यामध्ये सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. एका प्रदेशात जन्मलेला आणि तेथील लोकांनी हौसेने जोपासलेला खेळ आपल्या भूमीबाहेर कसा जातो, कोणाच्या हातून जातो आणि तेथे रुजला किंवा नाही हे कशावरून ओळखावे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. जगाच्या क्रीडा-इतिहासात याच प्रश्नाचे एक ठळक उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल होय. त्या खेळाचा देशाबाहेरील विस्तारही प्रामुख्याने हौशी मंडळांच्या आधारे झाला. यास्तव कबड्डीच्या वाटचालीचा अर्थ लावताना त्या खेळाशी थोडक्यात तुलनाही केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) हुतुतूचे नियमबद्ध कबड्डीत झालेले रूपांतर अभ्यासणे.
२) कबड्डीच्या देशाबाहेरील प्रसाराचे मार्ग निश्चित करणे व त्यांचे मूल्यमापन करणे.
३) ‘हौशी’ या संकल्पनेचे या प्रसारातील स्थान व तिच्या मर्यादा तपासणे.
४) ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ लावणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. मैदानी व वर्तुळ या कबड्डीच्या दोन प्रमुख प्रकारांपैकी आशियाई स्पर्धांत खेळला जाणारा आयताकृती मैदानावरील प्रकार हा अभ्यासाचा मुख्य विषय आहे. वर्तुळ कबड्डीचा विचार तुलनेपुरताच केला आहे.

१. हुतुतू ते कबड्डी : नियमबद्धतेचा कालखंड

दम धरून प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरणे, गड्यास स्पर्श करणे आणि दम सुटण्यापूर्वी परत येणे हा या खेळाचा गाभा होय. हा गाभा भारतीय उपखंडात अनेक नावांनी आढळतो. महाराष्ट्रात हुतुतू, बंगालमध्ये हा-डू-डू, तमिळनाडूत चेडुगुडू ही त्याची काही रूपे. बाद झालेल्या गड्याचे काय करावयाचे, याविषयी मात्र ठिकठिकाणी वेगळा संकेत होता. ‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा खेळात येई. ‘गामिनी’ प्रकारात संपूर्ण संघ बाद होईपर्यंत गडी बाहेरच राही. ‘अमर’ प्रकारात गडी बाद होऊनही मैदानातच राही व केवळ गुण मोजले जात. दोन गावांचे संघ समोरासमोर आले की प्रथम वाद होई तो नियमांचा. अशा स्थितीत खेळ गावाची शीव ओलांडू शकत नव्हता, मग देशाची सीमा ओलांडणे दूरच.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रात व्यायामाची एक चळवळ उभी राहिली. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला. अमरावती येथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला, तीच संस्था पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून प्रसिद्धीस आली. बडोदे संस्थानात हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूचे नियम निश्चित करून स्पर्धा भरविल्या. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांच्या नियमांना अधिक व्यापक मान्यता मिळवून दिली. बडोद्याहूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे खंड सिद्ध केले. ब्रिटिशांच्या क्रिकेट व हॉकीसमोर देशी खेळ टिकवावयाचे असतील तर ते केवळ खेळून चालणार नाही, लिहूनही ठेवावे लागतील, ही जाणीव या सर्व प्रयत्नांमागे होती.

नियम लिहिले जाताना खेळातून काही गोष्टी वगळल्या गेल्या व काही नव्याने आल्या. मैदानाची मापे, गड्यांची संख्या, डावाचा काळ निश्चित झाला. पुढील काळात लोण, निदान रेषा, बोनस रेषा या कल्पना स्थिरावल्या. चढाईचा अवधी पूर्वी गड्याच्या दमावर अवलंबून असे, तो आता तीस सेकंदांचा झाला आहे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, तर महिलांचे १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते.

या काळातील आणखी एका बदलाकडे इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो बदल नावाचा होय. नियमबद्धतेत महाराष्ट्राचा पुढाकार होता, परंतु अखिल भारतीय पातळीवर खेळास ‘हुतुतू’ हे मराठी नाव राहिले नाही, ‘कबड्डी’ हे नाव सर्वमान्य झाले. आपल्या घरचे नाव सोडण्याची ही तयारी किरकोळ समजता येणार नाही. खेळ सर्वांचा व्हावयाचा असेल तर त्यावरील एका प्रांताचा शिक्का पुसला जावा लागतो. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी ते मान्य केले आणि तेथेच या खेळाच्या पुढील प्रवासाची पहिली अट पूर्ण झाली.

२. हौशी संघटन आणि देशाबाहेरील पहिली पावले

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जर्मनीत भारतीय व्यायामप्रकारांची व खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्यांत मल्लखांब, लेझीम इत्यादींबरोबर कबड्डीचाही समावेश होता. युरोपातील प्रेक्षकांनी त्यांचे कौतुक केले. तथापि या प्रात्यक्षिकांमुळे जर्मनीत कबड्डीचा एखादा संघ उभा राहिला असे घडले नाही. प्रात्यक्षिक पाहून लोक टाळ्या वाजवतात, खेळू लागत नाहीत. १९३८ मध्ये कलकत्ता येथील भारतीय ऑलिम्पिक स्पर्धांत कबड्डीचा अंतर्भाव झाला आणि खेळास प्रथम आपल्याच देशात अखिल भारतीय व्यासपीठ मिळाले.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेस १९५५ मध्ये कलकत्ता येथे प्रारंभ झाला. १९६० च्या दशकाच्या आरंभी विद्यापीठीय व शालेय स्पर्धांत कबड्डीस स्थान मिळाले, तर १९७१ मध्ये पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेने प्रशिक्षकांच्या पदविका अभ्यासक्रमात तिचा समावेश केला. या शेवटच्या घटनेचे महत्त्व विशेष आहे. तोपर्यंत वस्तादाकडून गड्याकडे तोंडी जाणारे ज्ञान प्रथमच अभ्यासक्रमात बसविले गेले आणि ते दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या देशात नेता येण्याजोगे झाले. १९७२ मध्ये ‘अमॅच्युअर कबड्डी फेडरेशन ऑफ इंडिया’ ही संघटना अस्तित्वात आली. त्याच वर्षी महाराष्ट्राचे सदानंद शेट्ये यांना कबड्डीसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. १९७८ साठीचा पुरस्कार पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना मिळाला.

महासंघाच्या नावातील ‘अमॅच्युअर’ म्हणजे हौशी हा शब्द त्या काळी केवळ तांत्रिक नव्हता. मुंबईच्या लालबाग, परळ, प्रभादेवी या गिरणगावातील मंडळे असोत अथवा पश्चिम महाराष्ट्रातील तालमींशी जोडलेले संघ असोत, गडी दिवसा गिरणीत, कचेरीत वा शेतात काम करी आणि संध्याकाळी मातीवर उतरे. पंच, गुणलेखक, मैदान आखणारे हेही विनावेतन काम करीत. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी आपले आयुष्य या खेळास वाहिले. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात ‘कबड्डी दिन’ म्हणून पाळला जातो, तो याच हौशी परंपरेचा गौरव होय.

देशाबाहेरील संघटित प्रसारास १९७० च्या दशकात वेग आला. १९७४ मध्ये भारतीय पुरुष संघाने नव्याने स्वतंत्र झालेल्या बांगलादेशाचा दौरा करून पाच कसोटी सामने खेळले. १९७९ मध्ये बांगलादेशाच्या संघाने भारताचा परतीचा दौरा केला. १९७८ मध्ये भिलाई येथील राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी आशियाई हौशी कबड्डी महासंघाची स्थापना झाली. १९७९ मध्ये या महासंघाच्या वतीने प्रा. सुंदर राम यांनी जपानमध्ये दोन महिने राहून खेळ शिकविला. १९८० मध्ये कलकत्ता येथे पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत भारत विजेता व बांगलादेश उपविजेता ठरला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून खेळली गेली आणि १९९० मध्ये बीजिंग येथे ती पदकाचा खेळ झाली. बर्लिनच्या प्रात्यक्षिकापासून बीजिंगच्या पदकापर्यंत ५४ वर्षे लागली.

३. प्रसाराचे मार्ग व त्यांचे मूल्यमापन

कबड्डी ज्या देशांत पोहोचली तेथे ती एकाच वाटेने गेलेली नाही. स्थूलमानाने तीन मार्ग दिसून येतात.

पहिला मार्ग सजातीय खेळांचा. बांगलादेशात हा-डू-डू घरोघरी परिचित होता. त्यामुळे तेथे कबड्डी पाहुणी म्हणून गेली नाही, राष्ट्रीय खेळ म्हणून स्वीकारली गेली. बांगलादेशाने १९९०, १९९४ व २००२ च्या आशियाई स्पर्धांत रौप्यपदक मिळविले. इराणमध्ये ‘झू’ नावाचा दम धरून खेळावयाचा पारंपरिक खेळ होता, शिवाय कुस्तीची जुनी परंपरा होती. कबड्डीची संघटना तेथे १९९० च्या दशकात आकारास आली. २००४ मध्ये मुंबईत झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ५५–२७ असे नमविले. २००७ मध्ये पनवेल येथील अंतिम सामन्यात हा फरक २९–१९ एवढा कमी झाला. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत भारताचा विजय केवळ २७–२५ असा होता. हे आकडे क्रमाने वाचले तर जकार्ता येथील निकाल अचानक घडला नव्हता, हे स्पष्ट होते.

दुसरा मार्ग प्रशिक्षकांचा. जपानमध्ये कबड्डीसारखा खेळ रूढ नव्हता, भारतीय लोकांची मोठी वस्तीही नव्हती. तेथे एक शिक्षक गेला, त्याने काही विद्यार्थ्यांना शिकविले व त्यांनी आपल्या देशात मंडळे उभी केली. २०१० मध्ये ग्वांगझू येथे जपानच्या पुरुष संघाने कांस्यपदक मिळविले. दक्षिण कोरियातही या खेळाने मूळ धरले. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी अहमदाबाद येथील विश्वचषकाच्या उद्घाटनाच्या सामन्यात दक्षिण कोरियाने यजमान भारताचा ३४–३२ असा पराभव केला. त्याच स्पर्धेत पोलंडने इराणला साखळी सामन्यात नमवून सर्वांना चकित केले. ज्या देशात दम धरून खेळण्याची परंपरा नाही तेथील तरुणांनी हे करून दाखविले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तिसरा मार्ग स्थलांतरितांचा. कॅनडा, इंग्लंड इत्यादी देशांत गेलेल्या पंजाबी समाजाने वर्तुळ कबड्डी आपल्याबरोबर नेली. तेथील मेळ्यांतील सामन्यांना मोठी गर्दी जमते, पारितोषिकेही मोठी असतात. पंजाब शासनाने २०१० पासून वर्तुळ कबड्डीचे विश्वचषकही भरविले. तथापि परदेशांत हा प्रकार दीर्घकाळ प्रामुख्याने त्याच समाजापुरता राहिला, शेजारच्या घरातील कॅनेडियन वा इंग्रज मुलगा त्यात क्वचितच उतरला. मराठी समाजाची स्थिती याहून निराळी आहे. परदेशांतील महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सव, नाटक व भाषावर्ग यांची जपणूक आस्थेने केली, मात्र हुतुतू वा कबड्डी यांस त्या कार्यक्रमांत मध्यवर्ती स्थान मिळाल्याचे दिसत नाही. ज्या प्रांताने खेळास नियम दिले, त्या प्रांतातील स्थलांतरितांनी तो खेळ परदेशी नेला नाही, ही विसंगती नोंदविण्याजोगी आहे.

या तीन मार्गांची तुलना करता एक गोष्ट लक्षात येते. स्थलांतरितांमुळे खेळास परदेशी प्रेक्षक व आश्रयदाते मिळतात. परंतु तो खेळ त्या भूमीचा होतो तो तेथील शाळा, महाविद्यालये व मंडळांतील स्थानिक मुले खेळू लागली म्हणजेच. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या प्रारंभी चॅनल फोर वाहिनीने कबड्डीचे सामने दाखविले, त्यामुळे खेळाचे नाव घरोघरी पोहोचले. परंतु संघ टिकले ते नियमित सराव करणाऱ्या हौशी मंडळांमुळे. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात वर्ल्ड कबड्डी या संघटनेने विश्वचषक भरविला. कबड्डीचा विश्वचषक आशियाबाहेर जाण्याची अशी वेळ येण्यास अनेक दशके जावी लागली.

४. ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल : एक तुलना

ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलचे पहिले लिखित नियम मेलबर्न येथे मे १८५९ मध्ये तयार झाले. अंडाकृती मैदान, अंडाकृती चेंडू, प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू आणि चेंडू हाताने फेकण्यास मनाई ही त्याची वैशिष्ट्ये होत. हा खेळ एकोणिसाव्या शतकातच न्यूझीलंडमध्ये पोहोचला. १९०८ मध्ये मेलबर्न येथे भरलेल्या सुवर्णमहोत्सवी स्पर्धेत न्यूझीलंडचा संघही उतरला होता. पुढे तेथे रग्बीचा प्रभाव वाढला, पहिल्या महायुद्धानंतर हा खेळ जवळजवळ लोपला आणि अनेक दशकांनंतर त्याचे पुनरुज्जीवन झाले. प्रशांत महासागरातील नाऊरू या लहानशा देशाने मात्र तो आपला राष्ट्रीय खेळ मानला, तर पापुआ न्यू गिनीमध्ये तो मोठ्या प्रमाणावर खेळला जाऊ लागला.

युरोप व अमेरिकेत या खेळाच्या संघटित हौशी स्पर्धा १९९० च्या सुमारास व त्यानंतर सुरू झाल्या. ब्रिटनमध्ये १९९० मध्ये स्पर्धेस प्रारंभ झाला, अमेरिकेत १९९७ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आरंभी या मंडळांत नोकरीशिक्षणासाठी गेलेल्या ऑस्ट्रेलियनांचा भरणा असे. म्हणूनच २००२ मध्ये मेलबर्न येथे सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय चषक स्पर्धेसाठी एक अर्थपूर्ण नियम करण्यात आला. संघातील खेळाडू त्या त्या देशात वाढलेले असावेत, तेथे राहणारे ऑस्ट्रेलियन नसावेत. मूळ देश ऑस्ट्रेलियानेही स्पर्धेत भाग घेऊ नये, असे ठरले. पहिल्या स्पर्धेत आयर्लंड विजयी झाला. २०१७ पर्यंत दर तीन वर्षांनी ही स्पर्धा झाली. २००८ मध्ये तीत भारताचाही संघ होता.

या दोन खेळांत दोन महत्त्वाचे भेद आहेत. एक, ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या नावातच त्याचा देश आहे, कबड्डीने आपल्या प्रांताचे नाव आधीच सोडले होते. दोन, ऑस्ट्रेलियाने बाहेरील संघांना स्वतःपासून दूर ठेवून वाढू दिले, तर भारताने आरंभापासून स्पर्धांत स्वतः उतरून त्यांतील बहुतेक जिंकल्या. पहिल्या पद्धतीत नवख्या देशांना विजयाचा आनंद मिळतो, परंतु सर्वश्रेष्ठ संघाशी झुंजण्याची संधी मिळत नाही. दुसऱ्या पद्धतीत पराभव पदरी येतात, पण त्यांतूनच शिक्षण होते. इराण व कोरिया यांचा उत्कर्ष दुसऱ्या पद्धतीचे फलित होय.

या दोन खेळांची गाठ प्रत्यक्षातही पडली. २०१६ च्या अहमदाबाद विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या कबड्डी संघाचे नेतृत्व कॅम्पबेल ब्राऊन यांनी केले. ते ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील व्यावसायिक खेळाडू होते आणि २००८ मध्ये विजेत्या हॉथॉर्न संघातून खेळले होते. त्यांच्या संघास भारताकडून मोठा पराभव पत्करावा लागला. आपल्या देशात नामवंत असलेला खेळाडू दुसऱ्याच्या खेळात नवखा म्हणून उतरतो, यातील खिलाडूपणा हीच हौशी वृत्तीची खरी खूण आहे.

५. जकार्ता २०१८ : पराभवाचा अर्थ

जकार्ता येथील दुहेरी पराभवानंतर आपल्याकडे खेद व संताप व्यक्त झाला. परंतु इतिहासाच्या दृष्टीने या घटनेचे दोन वेगळे अर्थ आहेत व ते स्वतंत्रपणे तपासले पाहिजेत.

पहिला अर्थ खेळाच्या बाजूने आहे. मूळ घराचा संघ हरतो तेव्हाच खेळ दुसऱ्या घरी खऱ्या अर्थाने रुजला असे म्हणता येते. क्रिकेट इंग्लंडचे राहिले नाही, हॉकी भारताची राहिली नाही, तशी कबड्डीही आता एका देशाची राहिलेली नाही. १९७८ मध्ये भिलाई येथे आशियाई महासंघ स्थापन करणाऱ्यांचे उद्दिष्ट हेच होते. ते उद्दिष्ट सफल झाल्यावर त्याचे दुःख करणे विसंगत ठरेल.

दुसरा अर्थ मात्र अस्वस्थ करणारा आहे. शैलजा जैन यांनी नाशिक येथे अनेक वर्षे मुलींना कबड्डी शिकविली. भारतीय संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले नाही, याची खंत त्यांनी जकार्तानंतर माध्यमांशी बोलताना व्यक्त केली होती. इराणने त्यांना बोलाविले. त्या तेथे गेल्या, फारसी शिकल्या, खेळाडूंच्या सरावात योग व प्राणायाम आणला आणि अवघ्या दीड वर्षात सुवर्णपदक मिळवून दिले. प्रा. सुंदर राम जपानला गेले ते महासंघाचे प्रतिनिधी म्हणून. शैलजा जैन इराणला गेल्या त्या आपल्या ज्ञानास अन्यत्र मागणी होती म्हणून. पहिल्या घटनेत घर देत होते, दुसऱ्या घटनेत घरास आपल्याजवळ काय आहे याची पुरेशी जाण नव्हती. खेळ बाहेर जाणे ही समृद्धी आहे, परंतु खेळाचे जाणकार उपेक्षेमुळे बाहेर जाणे ही हानी आहे. या दोहोंतील भेद आपण ओळखला पाहिजे.

त्याच ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे राष्ट्रीय महासंघावर प्रशासक नेमला गेला. पदाधिकाऱ्यांच्या निवडीची वैधता हा त्या वादाचा विषय होता. ज्या संघटनेच्या नावात ‘हौशी’ हा शब्द आहे, तिच्या कारभारास न्यायालयात जाब द्यावा लागावा, ही बाब बोलकी आहे. मैदानावरील कार्यकर्त्याची हौस आणि पदावरील व्यक्तीची हौस या एकच गोष्टी नव्हेत.

पुढे २०२३ मध्ये झालेल्या हांगझू आशियाई स्पर्धेत भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळविली. मात्र महिलांचा अंतिम सामना चायनीज तैपेईविरुद्ध २६–२५ असा एका गुणाने सुटला. पुरुषांचा सामना इराणविरुद्ध ३३–२९ असा झाला व तोही वादग्रस्त ठरला. पूर्वीचे निर्विवाद वर्चस्व आता राहिलेले नाही.

६. व्यावसायिक लीग, महाराष्ट्र आणि ग्रामीण महाविद्यालय

जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. खेळाडूंस मानधन मिळू लागले, दूरचित्रवाणीमुळे प्रतिष्ठा मिळाली. याच लीगमधून इराणचा फझल अत्राचली मुंबईच्या संघातून खेळला आणि २०१८ मध्ये एक कोटी रुपयांची बोली मिळविणारा पहिला परदेशी खेळाडू ठरला. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या संघाने विजेतेपद मिळविले, तेव्हा इराणचाच मोहम्मदरझा शादलुई त्या संघाचा आधारस्तंभ होता. मराठी प्रेक्षकांनी त्याच्या पकडींना मनापासून दाद दिली. खेळाने राष्ट्रीयतेची सीमा ओलांडल्याचे हे सुंदर उदाहरण होय.

महिला खेळाडूंच्या बाबतीत चित्र तेवढे उजळ नाही. मार्च २०१२ मध्ये पाटणा येथे झालेला पहिला महिला विश्वचषक भारताने इराणला २५–१९ असे नमवून जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे व दीपिका जोसेफ होत्या. राज्य शासनाने त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपयांचे पारितोषिक दिले. परंतु पुरुषांसारखी दरवर्षी चालणारी लीग महिलांना त्यानंतरच्या दशकातही मिळाली नाही.

माळशिरससारख्या तालुक्यातील महाविद्यालयाचा विचार करता प्रश्न अधिक मूलभूत होतो. आंतरराष्ट्रीय कबड्डी आता मॅटवर, बूट घालून खेळली जाते. आपली मुले मातीवर, अनवाणी तयार होतात. मातीवरील पावलांची पकड आणि मॅटवरील पावलांची पकड यांत मोठा फरक असतो. मॅटची किंमत, ते ठेवण्यासाठी लागणारी बंदिस्त जागा व प्रशिक्षक या गोष्टी ग्रामीण महाविद्यालयांच्या आवाक्यात क्वचितच असतात. परिणामी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चमकलेला गडी पुढील पायरीवर अडखळतो. जो खेळ साहित्याविना खेळता येतो म्हणून गरिबांचा खेळ ठरला, तोच खेळ जागतिक होताना साहित्यावर अवलंबून होत आहे. प्रसारासाठी द्यावी लागलेली ही किंमत आहे आणि ती प्रामुख्याने खेळाच्या मूळ घरातील ग्रामीण मुलेमुली देत आहेत.

निष्कर्ष :

१) हुतुतू देशाबाहेर जाऊ शकला तो नियमबद्धतेमुळे व प्रांतिक नावाचा आग्रह सोडल्यामुळे. या दोन्ही बाबतींत महाराष्ट्र व बडोदे येथील व्यायामसंस्थांचे कार्य पायाभूत आहे.
२) प्रात्यक्षिकांतून कुतूहल व स्थलांतरितांमुळे प्रेक्षक मिळतात, परंतु खेळ रुजतो तो सजातीय परंपरा व प्रशिक्षकांचे प्रत्यक्ष अध्यापन यांमुळे.
३) ऑस्ट्रेलियन फुटबॉलने आंतरराष्ट्रीय चषकासाठी केलेला स्थानिक खेळाडूंचा नियमही याच निष्कर्षास पुष्टी देतो.
४) मूळ देशाचा पराभव हे खेळाच्या ऱ्हासाचे लक्षण नसून त्याच्या परदेशी रुजण्याचे लक्षण आहे. ऱ्हासाचे लक्षण आहे ते जाणकारांची उपेक्षा.
५) हौशी कार्यकर्त्यांनी उभारलेल्या खेळाचा लाभ तळातील खेळाडूंपर्यंत पोहोचावा यासाठी तालुका पातळीवर सामाईक मॅट व प्रशिक्षित मार्गदर्शक यांची व्यवस्था होणे आवश्यक आहे. तालुक्यातील महाविद्यालयांनी एकत्र येऊन ही जबाबदारी स्वीकारल्यास ते अशक्य नाही.

समारोप :

प्रतिवर्षी पालखी येते, रिंगण होते आणि वारकरी हुतुतू खेळून पुढील मुक्कामाकडे निघतात. त्यांच्या खेळास बर्लिन, बीजिंग वा जकार्ता ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु त्या खेळातील दम, स्पर्श आणि परत फिरणे या तीन क्रियांवरच जगभरची कबड्डी उभी आहे. क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकाने केवळ पदकांची मोजणी करून थांबू नये. खेळ कोणी सांभाळला, कोणी शिकविला आणि त्या मोबदल्यात त्यांना काय मिळाले, हेही विचारले पाहिजे. आपल्या तालुक्यातील एखादी मुलगी उद्या मॅटवर आत्मविश्वासाने उतरेल, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर काही अंशी मिळाले असे म्हणता येईल.